काट्यात दोष नाही

४ मार्च

प्रिय वैद्यबुवांस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही चष्मा पुसून घेतला असेल. दोन बहिणींचे नवरे म्हणून आपण साडू झालो त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यातली चौदा वर्षं तुम्ही माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोललेला नाहीत, कारण तुमच्या दवाखान्यातला पितळी तराजू मी नापास केला होता. तो आजही समोर आला तर नापासच करीन. वजनमापे निरीक्षकाला साडू नसतो.

पण आज गरज मला आहे. फोन करता येत नाही. फोनवर तुम्हाला सांगितलेलं धाकटीला कळतं, आणि धाकटीला कळलेलं दहा मिनिटांत आमच्या हिला कळतं.

तर अकरा दिवसांत माझं वजन सहा किलो दोनशे ग्रॅमनं वाढलं आहे. प्रथम मी घरच्या काट्यावर संशय घेतला, जे कुणीही घेईल. ऑफिसातून वीस किलोचं प्रमाणित वजन घरी आणलं, काट्यावर ठेवलं. वीस किलो. पाच-पाचची चार ठेवली. वीस किलो. काट्यात दोष नाही, हे मला लेखी मान्य करावं लागलं. मग मी हिच्या स्वयंपाकावर संशय घेतला. तो लेखी घेतला नाही.

जेवण तेवढंच आहे, उलट भूक कमी झाली आहे. पँटचं बटण लागत नाही, बुटात पाय जात नाही. ऑफिसात मात्र सगळे खूश आहेत. साहेबांच्या अंगाला आता कुठे लागायला लागलं, असं शिपाई परवा चार लोकांसमोर म्हणाला.

वजन उतरवणारं एखादं चूर्ण टपालानं पाठवा. पुडक्यावर तुमच्या दवाखान्याचा शिक्का नको.

तुमचे केस अजून तसेच दाट आहेत असं ही सांगत होती. छान.

तुमचा,
निरीक्षक साडू

९ मार्च

प्रिय निरीक्षकसाहेब,
सा. न.

पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, नंतर दोनदा आनंदासाठी. माझ्या दवाखान्याला तुम्ही एका लग्नात, मी ऐकतोय हे न बघता, धुरळ्याचं दुकान म्हणाला होता. आज त्याच धुरळ्यातला शंभर ग्रॅम धुरळा तुम्हाला पाठवत आहे. आवळा, हिरडा, बेहडा, दुसरं काही नाही. सकाळी कोमट पाण्याबरोबर एक चमचा घ्या, आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली की माणूस खुर्चीत रुजतो, तेव्हा रोज तासभर चाला.

अकरा दिवसांत सहा किलो हे मला जरा जास्त वाटतं. पण तुम्ही शिपायाच्या कौतुकानं दुसरा घासही घेत असाल, ते पत्रात लिहिलं नसेल.

शिक्का लावलेला नाही. पोस्टमननं मात्र वास घेऊन विचारलं, वैद्यबुवा, हे कोणाला.

आपला,
वैद्य

२० मार्च

प्रिय वैद्यबुवांस,
स. न.

पुडकं मिळालं. आत साडेसत्त्याण्णव ग्रॅम माल आहे. अडीच ग्रॅम कमी. नातं लक्षात घेऊन नोटीस काढत नाही.

तुमच्या चूर्णाचा उपयोग शून्य. वजन आता नऊ किलो चारशे ग्रॅमनं वर आहे. मोजे काढले की पायावर त्यांची नक्षी तासभर राहते. नडगीवर अंगठा दाबून बघितला, खड्डा पडला. घड्याळ लावलं. भरून यायला बेचाळीस सेकंद लागले. सकाळी डोळे उघडत नाहीत, पापण्या भजनी टाळासारख्या मिटलेल्या असतात, दुपारपर्यंत उघडतात. झोप जास्त होत असावी. चालायला सांगितलंत म्हणून चाललो, तर संध्याकाळी बूट कापून काढावा लागला.

घरात आणखी एक कटकट आहे. संडासात फेस येतो. लघवी केली की भांड्यात साबण घुसळल्यासारखा फेस, पाणी सोडलं तरी जात नाही. ही साफसफाईचं पातळ औषध अंदाजानं ओतते, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. बाटली जप्त करून कपाटात ठेवली. फेस तसाच. प्लंबर बोलावला, त्यानं नळ बदलला. फेस तसाच. तेव्हा माझा संशय आता पाणीपुरवठ्यावर आहे, आणि त्यांना पत्र गेलं आहे.

दुसरं, कडक चूर्ण पाठवा.

तुमचा,
नि. साडू

ता. क. भावोजी, मी थोरली लिहिते आहे. हे पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं तेव्हा ते मी उघडलं. फेस फक्त हे जाऊन आले की असतो. मी जाऊन आले की नसतो. हे मी यांना सांगितलं, तर म्हणाले, तू ओततेस तेव्हा तुझ्या वेळी कमी ओतत असशील. यांचा चेहरा सकाळी ओळखू येत नाही हो. मला ही तब्येत सुधारलेली वाटत नाही.

२३ मार्च

प्रिय निरीक्षकसाहेब,

हे पत्र विनोद बाजूला ठेवून वाचा. माझं चूर्ण आजपासून बंद करा. माणूस न बघता, नाडी न धरता, नुसत्या पत्रावरून मी औषध दिलं, तेही तुमची जिरवल्याच्या आनंदात. चूक माझी आहे.

तुम्ही लठ्ठ झालेला नाहीत. तुम्हाला सूज आली आहे. दाबलं की खड्डा पडतो ते मांस नव्हे, पाणी. आणि फेस नळाचा नाही, तुमचा आहे. रक्तात प्रथिनं असतात. त्यातलं मुख्य अल्ब्युमिन. ते रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवायला मदत करतं. मूत्रपिंड रक्त गाळतं तेव्हा घाण बाहेर टाकायची आणि अल्ब्युमिन ठेवून घ्यायचं, हे त्याचं काम. गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन लघवीतून जातं, लघवीला फेस येतो, अंगात मीठ आणि पाणी साठतं, आणि सकाळी डोळे सुजतात, संध्याकाळी पाय. याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. मला हे शिकवलेलं आहे, साहेब, धुरळ्यात बसत असलो तरी.

आमच्या शास्त्रात या सुजेला शोथ म्हणतात. मीठ तोडायला आम्हीही सांगतो, सुजेवर पुनर्नवा देतो. पण सुजेला नाव देता आलं म्हणजे गाळणी का सैल झाली हे कळलं, असं होत नाही. ते तपासूनच कळतं. उद्याच्या उद्या लघवी आणि रक्त तपासा, आणि किडनीच्या डॉक्टरांकडे जा. एकाच पायाला जास्त सूज आली, दम लागला किंवा ताप आला तर उद्याचीही वाट बघू नका.

तुम्ही आणखी काही औषध घेता का? कोणतंही, कुणाचंही. ते डॉक्टरांना सांगा.

हे सगळं मी धाकटीकडून थोरल्या ताईंना फोनवर कळवलं आहे, त्यामुळे पत्र पोचेपर्यंत तुम्ही दवाखान्यातच असाल. राग आला तर नंतर धरा.

तुमचा,
वैद्य

६ एप्रिल
हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग

प्रिय वैद्यबुवांस,
स. न.

राग धरायला वेळ मिळाला नाही. बारा दिवस झाले मला इथे.

किडनीच्या डॉक्टर बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या आणि माझ्या आईच्या आवाजाच्या. निदान तुम्ही लिहिलंत तेच. पहिल्या दिवशी त्यांनी एक कॅन देऊन चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. कॅनवरच्या रेघा मला पटल्या नाहीत. मी ऑफिसातून शिक्का मारलेलं लिटरचं माप मागवलं, आणि शिपाई ते घेऊन आला तेव्हा कशासाठी हवं आहे हे नर्सनं त्याला सांगितलं. ते माप आता ऑफिसात कुणी परत घेत नाही. भरली दोन लिटर दीडशे मिली, आणि त्यात नऊ ग्रॅम प्रथिनं. दिवसाला दीडशे मिलिग्रॅमपर्यंत चालतात म्हणे. साठपट गळती. असं माप मी कुणाकडे पाहिलं असतं तर दुकान बंद केलं असतं.

मग पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात फारसा दोष दिसत नाही, तो फार बारीक ठिकाणी आहे, आणि हा प्रकार बहुतेक वेळा औषधाला ऐकतो, असं बाई म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. सकाळी खाऊन घ्यायच्या, मनानं एकही चुकवायची नाही, आणि पुढे कमी करायच्या त्याही त्यांच्या हिशोबानं. शिवाय लघवी वाढवणारी गोळी, रक्तदाबाची गोळी. मीठ जवळजवळ बंद. इथलं सूप प्यायल्यावर पाणी उकळून थंड केल्याचं समाधान मिळतं. शेजारच्या पलंगावरचे निवृत्त शिक्षक म्हणाले, प्रथिनं जातात तर रोज सहा अंडी खा. बाईंनी दोघांनाही झापलं. नेहमीएवढीच प्रथिनं खायची, जास्त ओतून गळती भरत नाही.

एक महत्त्वाचं. रोज सकाळी वजन करतात, आणि त्यावर सुजेच्या गोळीचा डोस ठरतो. तिसऱ्या दिवशी मला वॉर्डातला काटा संशयास्पद वाटला. घरून वजनं आणवली. एक किलो चारशे ग्रॅमचा फरक. मी झोपेच्या कपड्यातच नापासाची चिठ्ठी चिकटवली. नर्स चिडल्या, पण बाई येऊन बघून गेल्या आणि दुपारी नवा काटा आला. तेव्हापासून मला इथे थोडा मान आहे.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. इतर औषधं घेता का, या रकान्यात मी इथेही ‘नाही’ लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

तुमचा,
नि. साडू

१० एप्रिल

प्रिय निरीक्षकसाहेब,

वाचून जीव भांड्यात पडला. मी डॉक्टरबाईंशी फोनवर बोललो. मला वाटलं होतं, वैद्य म्हटल्यावर त्या दोन वाक्यांत कटवतील. त्यांनी अर्धा तास दिला. पुनर्नवेचं विचारलं. त्या म्हणाल्या, थोडे अभ्यास आहेत, भरवसा ठेवावा एवढे नाहीत, आणि सध्या तर एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या, नाहीतर कशानं काय झालं ते दोघांनाही कळणार नाही. मला पटलं. मीठ नसलेलं जेवण गळ्याखाली कसं उतरवायचं, ते माझ्याकडे सोपवलं आहे. लिंबू, मिरी, जिरं, आलं यांच्या जोरावर मी भोपळाही खायला लावीन. ताईंना कागद पाठवला आहे.

आता जरा अवघड गोष्ट. दोन रेघा मारलेल्या ‘नाही’वर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही एक रेघ मारली असतीत तर बसला असता. ताईंनी धाकटीला सांगितलं की ऑफिसच्या टेबलाची किल्ली तुम्ही हॉस्पिटलातही उशाखाली ठेवता. त्या टेबलात काय आहे ते मला जाणून घ्यायचं नाही. खाण्याची वस्तू असेल तर मात्र घ्यायचं आहे.

तुमचा,
वैद्य

१४ एप्रिल

वैद्यबुवा,

माझ्या टेबलाशी तुमचा संबंध काय? मी सरकारी नोकर आहे आणि टेबलात सरकारी कागद आहेत. बत्तीस वर्षं मी लोकांची खोटी वजनं पकडली, आता माझ्यावर संशय घ्यायला दोन बहिणी आणि एक वैद्य बसले आहेत.

या गोळ्यांनी मला भयंकर हुशारी आली आहे. आज नाश्त्याच्या आत मी वॉर्डातल्या सगळ्यांच्या चपला मापाप्रमाणे लावल्या, शिक्षकांच्या शब्दकोड्यातले चुकलेले शब्द खोडले, आणि बिस्किटांच्या कंपनीला लिहिलं की पुड्यात बारा बिस्किटं आहेत आणि तेरावं नुसतं चूर आहे. भूक इतकी आहे की पडद्याकडे बघूनही तोंडाला पाणी सुटतं. चेहरा गोल झाला आहे, पण हा गोलपणा गोळ्यांचा असतो, सुजेचा नव्हे, असं बाई म्हणतात. म्हणजे आधी सूज होती तर लोक म्हणत होते तब्येत सुधारली, आता सुधारते आहे तर म्हणतात सुजलात. बाईंना मी काल वॉर्ड कसा चालवावा याची नऊ पानं लिहून दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, डोस कमी झाला की हेही कमी होईल.

मग त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “काका, गोळ्या सुरू आहेत, पण गळती मला वाटलं होतं तशी कमी होत नाही. दुसरं काही अंगात जात असेल, तर मी चुकीच्या गोष्टीशी लढते आहे. पुढचं औषध याहून कडक आहे. ते देण्याआधी मला नक्की कळायला हवं.”

मी नाही म्हणालो. त्या गेल्या. शिक्षकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण पान उलटलं नाही.

वैद्यबुवा, टेबलाचा तिसरा खण. फायलींच्या मागे चहाचा डबा आहे. त्यात गोळ्या आहेत, लाल बाटलीतल्या. आठ महिने रोज दोन घेतल्या. केसांसाठी. आता हसून घ्या. तिसाव्या वर्षी डोकं उघडं पडलं, आणि प्रत्येक लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्या शेजारी उभे असता, त्या छपरासकट. बाजाराच्या मागच्या गल्लीतला एक जण देतो. वैद्य म्हणवतो स्वतःला. बाटलीवर ना नाव, ना वजन, ना बनवणाऱ्याचा पत्ता. असलं पुडकं दुसऱ्या कुणाकडे सापडलं असतं तर मी त्याला उन्हात उभं केलं असतं. हिला कसं सांगू? किल्ली सोबत पाठवत आहे. तुम्ही या.

साडू

२९ एप्रिल

प्रिय साडूबुवा,

घरी येऊन आठवडा झाला. तिकडे तुमच्यासमोर बसून जे बोलता आलं नाही ते लिहितो.

तुमच्या शिपायानं मला खणापर्यंत नेलं आणि पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्याला सगळं माहीत आहे. डबा घेऊन मी थेट डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी गोळ्या तपासायला पाठवल्या, तुमचं रक्त आणि लघवीही. उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. पारा. मूत्रपिंडाची गाळणी त्यानं सैल होऊ शकते. मला वाटलं, आता माझ्या साऱ्या धंद्याचा उद्धार होणार, आणि मी मान खाली घालून तयार होतो. पण बाई एवढंच म्हणाल्या, “बरं झालं, तुम्ही आणून दिल्यात.” त्याचं मला जास्त लागलं.

आता माझी गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक केसांचं तेल खपतं. ते मी वाईट करत नाही. डोकं थंड राहतं, वास बरा येतो. पण लोक ते घेतात माझं डोकं बघून, आणि हे केस मला आजोबांकडून आले आहेत. माझे वडील आयुष्यात तेल न लावता दाट केसांनी गेले. बाटलीवर मी स्वतःचा फोटो छापला आहे, आणि इतकी वर्षं मी कुणाला खोटं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं नाही तर खरंही सांगितलं नाही. त्या दिवशी तुमचा चहाचा डबा हातात धरून गाडीत बसलो होतो तेव्हा हे डोक्यात आलं. फोटो काढून टाकला आहे. खप निम्म्यावर आला. धाकटी म्हणते, अजून निम्मे लोक वासासाठी घेतात, हे चांगलंच आहे.

ताईंना तुम्ही स्वतः सांगितलंत, हे बरं केलंत. ऐकून त्या इतक्या हसल्या की नर्सला बोलावायची वेळ आली, असं धाकटीकडून कळलं. पण फोन ठेवताना त्या रडत होत्या, असंही कळलं. केसांचं त्यांना काही वाटलं नाही. आठ महिने शेजारी बसून तुम्ही बोलला नाहीत, ते लागलं.

तुमचा,
वैद्य

१८ जून

प्रिय वैद्यबुवा,

डोस कमी झाला आहे, ते तुम्हाला पत्राच्या लांबीवरून कळेल.

गळती थांबत आली. पाऱ्याच्या गोळ्या बंद होऊन जवळजवळ तीन महिने झाले. कडक औषधाची गरज पडली नाही. दहा किलो पाणी उतरलं. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची, पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर प्रथिनं जातात. आता सलग नऊ दिवस पिवळी आहे. सगळं वहीत लिहितो.

सोमवारी कामावर रुजू झालो आणि मंगळवारी बाजाराच्या मागच्या गल्लीत गेलो. औषध खात्याची दोन माणसं बरोबर घेतली. लाल बाटल्या दोनशेच्या वर निघाल्या. पंचनामा लिहिताना त्यांच्या अधिकाऱ्यानं विचारलं, यातली बाटली घेतलेला कुणी साक्षीदार मिळेल का? सगळे इकडे तिकडे बघू लागले. मी म्हणालो, लिहा, माझं नाव लिहा. त्यानं विचारलं, कशासाठी घेत होतात? मी टोपी काढली. तो लिहायचा थांबला. मग शिपायासकट सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. दुकानदार तेवढा म्हणाला, यांनी नेमानं घेतल्या नसतील.

मी साक्षीदार म्हणून सही केली.

तुमचा,
साडू

२ नोव्हेंबर

भावोजींस,
सप्रेम नमस्कार.

मी थोरली. या वेळी पाकीट उघडलेलं नाही. यांनीच मला लिहायला बसवलं, कारण सर्दीनं यांच्या नाकाला धार लागली आहे आणि कागद भिजतो.

परवा पट्टी हिरवी आली. सर्दीतापानं असं परत होऊ शकतं, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच दिवशी गेलो. गोळ्यांचा डोस पुन्हा वाढवला आहे. सूज यायच्या आत सापडलं, म्हणून ॲडमिट व्हावं लागलं नाही. सर्दीसाठीसुद्धा विचारल्याशिवाय काही घेऊ नका म्हणाल्या, दुखण्याची साधी गोळीदेखील नाही. तेव्हा तुम्हीही काढा पाठवू नका. धाकटीला सांगा काळजी करू नकोस, फक्त दोन आठवडे आमच्याकडे कपाटं आवरायला येऊ नकोस, ती यांनी वाढलेल्या गोळ्यांच्या हुशारीत आत्ताच सगळी आवरून टाकली आहेत.

आजार परत आला म्हणून मला वाईट वाटायला हवं, आणि वाटतंही. पण खरं सांगू? परवा साडेसहाला यांनी मला हलवून उठवलं. मी घाबरून विचारलं, काय झालं. हे पट्टी हातात धरून उभे होते. म्हणाले, “हिरवी आहे. आधी तुला सांगतोय.”

मी चहा टाकला नाही की काही नाही. आम्ही दोघं खिडकीत जाऊन ती उजेडात धरून बघत बसलो.

तुमची,
थोरली